दहा फुटांवरचे टेलरमास्तर

माझ्या धाकट्या भावाच्या दुकानात एक फळी होती. कामाच्या टेबलामागे, भिंतीवर दोन लोखंडी कोन चार स्क्रूंनी आवळून बसवलेली, हातभर लांब आणि वीतभर रुंद. तिच्या कडेला त्यानं स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती, 'परत आलेले'. दुरुस्त होऊन गेलेला कॅमेरा पुन्हा तीच तक्रार घेऊन परत आला, तर तो तिथे ठेवायचा. दुकान उघडून अडतीस वर्षं झाली, पण त्या फळीवर धुळीशिवाय कधी काही आलं नाही. आणि धूळही तो रोज सकाळी पुसायचा.

माझी भावजय शाळेच्या मुलांसाठी स्वेटर विणते. घरात लोकरीचे गुंडे ठेवायला जागा नाही म्हणून ती दर वर्षी थंडीच्या तोंडावर ती फळी मागायची. तो दर वर्षी नाही म्हणायचा. "ती रिकामी आहे म्हणूनच तिथे आहे," एवढंच त्याचं उत्तर. भावजय माझ्याकडे बघून म्हणायची, "भाऊजी, तुम्ही एवढ्या पोरांना शहाणं केलंत, घरातलं एक राहिलंच बघा."

भावाला सगळी गल्ली भिंगकाका म्हणते. तो लहान कॅमेरे दुरुस्त करतो. हे कॅमेरे तळहातावर मावतात. त्यांचं भिंग त्यांच्या अंगात पक्कं बसवलेलं असतं. ते काढून दुसरं लावता येत नाही, आणि दूरची वस्तू ओढून जवळ आणायचीही सोय नसते. खिडकी जशी भिंतीत पक्की असते तसंच हे. बाहेरचं झाड मोठं दिसायला हवं असेल तर खिडकीशी झटापट करून उपयोग नाही, आपणच उठून झाडापाशी जायचं. भिंगाभोवती एक कडं असतं आणि त्यावर फुटांचे आकडे असतात: तीन, चार, सहा, दहा, पंधरा. समोरचा माणूस किती लांब आहे ते नजरेनं मोजायचं आणि कडं त्या आकड्यावर फिरवायचं. अंदाज चुकला की माणूस पुसट येतो. मी चाळीस वर्षं तिसरी-चौथीच्या मुलांना शिकवलं. असा एक कॅमेरा वर्गात असता तर अंतर हा धडा मी एका दिवसात संपवला असता.

मधली पंधरा वर्षं भावाला काम नव्हतं. प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि हे कॅमेरे माळ्यावर गेले. तो चष्म्यांचे स्क्रू बसवायचा, घड्याळांत सेल घालायचा, आणि उरलेल्या वेळात फळी पुसायचा. मग दोन वर्षांपूर्वी वारं फिरलं. तरण्या पोरापोरींना एकाएकी हेच कॅमेरे हवेसे झाले. माळे उपसले गेले. एक कॅमेरा वीस वर्षं दाराला अडसर म्हणून लावलेला होता, तो आला. एकाच्या पोटात गोट्या निघाल्या. एका आजीबाईंनी आपल्या कॅमेऱ्यात सुया ठेवल्या होत्या. त्या काढून घेतल्या आणि कॅमेरा नातीला दिला, वर बजावलं, की काम झालं की सुयांना जागा परत हवी.

याचं कारण मला कोपऱ्यावरच्या दंतवैद्याकडे काम करणाऱ्या मुलीनं सांगितलं. ती फिकट हिरव्या कपड्यांत, गळ्यात कॅमेरा अडकवून यायची. भाऊ तिला दातवाली म्हणायचा. तिचं म्हणणं असं, की फोननं ती एका जेवणाचे चाळीस फोटो काढते आणि त्यातला एकही पुन्हा बघत नाही. यात छत्तीसच निघतात, आणि कसे आले ते आठवडाभर कळत नाही. "आजोबा, वाट बघायला मजा येते," ती म्हणाली. आमच्या पिढीनं आयुष्यभर नाइलाजानं जे केलं, त्यात मजा असते हे मला सत्तराव्या वर्षी समजलं.

आता भावाची कामाची पद्धत सांगतो, कारण घोटाळा तिथेच झाला.

भिंग साफ करून पुन्हा बसवलं की ते नीट बसलं का, हे तपासावं लागतं. भाऊ कॅमेऱ्याचं मागचं दार उघडतो, फिल्मच्या जागी घासून धूसर केलेल्या काचेचा तुकडा ठेवतो, कडं दहाच्या आकड्यावर आणतो, आणि डोळ्याला भिंग लावून काचेवरचं चित्र बघतो. बरोबर दहा फुटांवरची वस्तू स्वच्छ दिसली पाहिजे, नाही दिसली तर तो भिंग किंचित आत-बाहेर करून ती स्वच्छ आणतो. ती वस्तू म्हणजे समोरच्या दुकानातल्या टेलरमास्तरांच्या शिलाई मशीनचं चाक. आमची गल्ली अरुंद, सात फुटांची. भावाचं टेबल उंबऱ्याला टेकलेलं आणि मास्तरांचं मशीन तीन फूट आत. अडतीस वर्षांपूर्वी मास्तरांनीच आपल्या टेपनं अंतर मोजून दिलं होतं आणि जागा हलू नये म्हणून चाकाखाली फरशीच्या सांध्यात पितळी खिळा ठोकला होता.

तपासणी झाली की भाऊ गिऱ्हाइकाची नवी फिल्म भरायचा आणि पहिला फोटो मास्तरांचा काढायचा. छत्तीसच्या फिल्मवर सदतीसावा फोटो निघतोच, त्यामुळे गिऱ्हाइकाचं काही जात नाही, असं त्याचं शास्त्र. गिऱ्हाइकाला सांगायची गरज त्याला कधी वाटली नाही.

आणि म्हणून, दातवालीनं पहिली फिल्म धुवून आणली तेव्हा तिच्या मैत्रिणींच्या आधी एक अनोळखी गृहस्थ निघाले. तोंडात दोन टाचण्या, डोळ्यांवर घसरलेला चष्मा, मांडीवर कुणाची तरी पँट. तिनं तो फोटो फोनवर टाकून विचारलं, हे कोण? दोन दिवसांत अकरा जणांनी कळवलं की हे आमच्याही फिल्मवर पहिले आहेत. पुढे हा आकडा वाढत वाढत चाळीसवर गेला. मग पोरं मास्तरांना बघायला गल्लीत येऊ लागली. कुणी येऊन हात मिळवायचं, तर कुणी उगाच एक बटण लावून घ्यायचं.

मास्तरांनी वरवर त्रासल्यासारखं केलं. पण पुढच्याच आठवड्यात त्यांचा शर्ट इस्त्रीचा झाला. मग मिशी काळी झाली. टाचण्या तोंडातून काढून त्यांनी मनगटावरच्या गादीला लावल्या. भाऊ काचेतून बघत असला की ते मान किंचित डावीकडे वळवायचे, कारण दातवालीनं सांगितलं होतं की ती बाजू चांगली येते.

असे चार महिने गेले. भाऊ खुशीत होता, जेवताना शिट्टी वाजवायचा. आणि एका मंगळवारी एक बेकरीवाला तरुण कॅमेरा घेऊन परत आला.

त्यानं फोटो टेबलावर पसरले. त्याची बायको पुसट होती आणि तिच्यापुढचा केक स्वच्छ. आई पुसट, आईच्या पुढची खुर्ची स्वच्छ. आणि पहिल्या फोटोत टेलरमास्तर इतके स्वच्छ, की शर्टावरचे टाके मोजावेत. तरुण भला होता. तो हळूच म्हणाला, "काका, हा फक्त मास्तरांनाच ओळखतो."

भावानं कॅमेरा पुन्हा तपासला, अगदी बरोबर निघाला. कडं दहावर, चाक स्वच्छ. त्यानं तरुणालाच दोष दिला, अंतराचा अंदाज चुकत असेल म्हणाला. पण कॅमेरा ठेवून घेतला, आणि माझ्याकडे पाठ करून फळीवर ठेवला. गुरुवारी दुसरा आला. सोमवारी दोन. त्यातला एक दातवालीचा. तिनं काही सुटं पडलं म्हणून तो नुकताच पुन्हा दुरुस्त करून नेला होता. तिच्या डॉक्टरांचा फोटो असा आला होता की डॉक्टर धुक्यात आणि त्यांच्या हातातली पक्कड लखलखीत. ती म्हणाली, हा दवाखान्यात लावला तर एक पेशंट टिकायचा नाही.

भावाची शिट्टी थांबली. त्यानं डोळे तपासून घेतले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजर उत्तम असल्याचं सांगितलं, तेव्हा हा घरी येऊन म्हणाला, त्या डॉक्टरलाच दिसत नाही. रात्री जेवताना तो पाण्याचा पेला धरून हात थरथरतो का ते बघत बसायचा. हात थरथरत नव्हता. पण एकटक बघत राहिलं की कुणाचाही थरथरेल, तसा मग थरथरायचा.

फळीवर सहावा कॅमेरा आला त्या संध्याकाळी त्यानं एका पुठ्ठ्यावर लिहिलं, 'या महिनाअखेरीस दुकान बंद होत आहे', आणि शाई वाळत ठेवली.

"दादा, हात गेला," तो म्हणाला. "लोकांनी येऊन सांगण्याआधी आपण उठलेलं बरं."

भावजय त्या दिवशी फळीबद्दल बोलली नाही. त्यावरून प्रकरण किती पुढे गेलं आहे ते मला कळलं.

मला कॅमेऱ्यातलं काही कळत नाही. पण एक मला ठाऊक आहे. मुलाचं गणित रोज बरोबर येत असेल आणि एकाएकी सगळीच उत्तरं चुकू लागली, तर मूल बिघडलेलं नसतं, बहुधा फळ्यावर काहीतरी चुकीचं लिहिलेलं असतं. दुसऱ्या दिवशी दातवाली कॅमेऱ्याची चौकशी करायला आली, तेव्हा मी तिला स्टुलावर बसवलं आणि मास्तरांचे सगळे फोटो फोनवर तारखेनं लावायला सांगितले. तिच्याकडे ते चाळीसच्या चाळीस होते.

"आता बघ," मी म्हटलं, "पहिल्यापासून शेवटपर्यंत काय काय बदललंय?"

शर्ट, ती म्हणाली. मिशी. टाचण्या. मान डावीकडे. मी म्हटलं, आणखी? वर्गात असंच करावं लागतं. मूल चार उत्तरं देऊन थांबतं, पाचवं त्याच्या जिभेवर असतं आणि त्याला ते ठाऊक नसतं. ती पुन्हा पहिल्या फोटोवर गेली. मास्तरांच्या डोक्यावर पाटी पूर्ण दिसत होती आणि पाटीखाली टांगलेले तीन कोट. मधल्या फोटोत कोटांच्या बाह्या डोक्यामागे गेल्या होत्या. शेवटच्या फोटोत पाटीवरची निम्मी अक्षरं मास्तरांनी झाकली होती.

"आजोबा, हे मोठे होत चाललेत," ती म्हणाली.

मी भावाला हाक मारली. तो आधी येईना. मी पुन्हा हाक मारली तेव्हा म्हणाला, "दादा, मी तुझ्या तिसरीतला पोरगा नाही." पण आला. फोटो बघितले, खांदे उडवले.

"मास्तर जाडे झालेत. सारखं कुणी ना कुणी खाऊ आणून देतं."

"बरं. आणि मशीनही जाडं झालं का?"

त्यानं फोन हातात घेऊन पहिला फोटो बघितला, शेवटचा बघितला, पुन्हा पहिला. मग फोन तसाच हातात घेऊन गल्ली ओलांडली.

वाचणारे विचारतील, एवढं मोठं मशीन पुढे सरकलं आणि यांना दिसलं नाही? खरं सांगतो, मी रोज दुपारी तिथेच स्टुलावर बसून वर्तमानपत्र वाचत होतो. पण ते महिन्याला एकेक वीत सरकलं. घरातलं मूल वाढताना घरच्यांना दिसत नाही, वर्षानं पाहुणा येतो तो म्हणतो, केवढा झालास. आणि भावाचं म्हणाल तर, काचेवर चित्र उलटं पडतं, डोकं खाली आणि पाय वर. अडतीस वर्षं त्यानं कामापुरतं मास्तरांना उलटंच बघितलं होतं, आणि तेही नव्हे, चाकच. समोर कोण बसलंय याच्याशी त्याचं काम नव्हतं.

मास्तर त्याला येताना बघून उठून उभे राहिले. मशीन अगदी उंबऱ्यावर होतं, उजेडात. भावानं विचारलं, खिळा कुठाय? मास्तरांनी मागे पडलेल्या चटईकडे बघितलं आणि चटकन नजर काढून घेतली. भावानं चटई उचलली. पितळी खिळा तिथे होता, चाकापासून तीन फूट मागे, चटईखाली राहून चकचकीत राहिलेला.

म्हणजे भाऊ कडं दहावर ठेवून सात फुटांवरचं चाक स्वच्छ दिसेल असं भिंग बसवत होता. चार महिन्यांतला जो कॅमेरा जितका अलीकडचा, तितका जास्त चुकलेला. मास्तर सगळ्यांत स्वच्छ यायचे, कारण सगळं त्यांच्याच मापानं बेतलं होतं.

मला वाटलं आता भांडण होणार. भाऊ खाली बसला, खिळ्यावर बोट ठेवलं, आणि आपल्या हाताकडे बघितलं. मग दुसऱ्या हाताकडे. "म्हणजे हात ठीक आहे," तो म्हणाला. हे तो कुणाला सांगत नव्हता.

मास्तरांनी मात्र आपण होऊन सगळं सांगितलं. आत अंधार असतो, चेहरा नीट उठत नाही. आधी नुसता उजेड यावा म्हणून एक वीत सरकले. फोटो बरा आला. मग आणखी एक. खिळ्याची आठवण होती, पण एवढ्याशानं काय होतंय असं वाटलं. कपड्यात दोन बोटं इकडे-तिकडे झाली तर माणूस अडकत नाही.

"या गावात निम्म्या लोकांनी माझ्या हातचे कपडे घालून फोटो काढलेत," ते म्हणाले. "माझा एक नव्हता. आता चाळीस आहेत, म्हणून जरा उजेडात यावंसं वाटलं, भिंगकाका."

भाऊ परत आला आणि फळीवरचा पहिला कॅमेरा उघडला. त्या संध्याकाळी मास्तरांनी मशीन ओढत ओढत खिळ्यावर नेलं.

पुढचे दोन आठवडे सगळं सुरळीत होतं. सहापैकी पाच कॅमेरे पुन्हा बसवून झाले. भाऊ म्हणायचा, मास्तरांनी मनाला लावून घेतलेलं दिसत नाही, काचेत रोज हसताना दिसतात. पण बेकरीवाल्याच्या नव्या फिल्मवरचा पहिला फोटो दातवालीनं आणला तेव्हा खरा प्रकार कळला. मास्तर अंधारात बसले होते, ओठांची दोन्ही टोकं खाली. उतरलेलं तोंड उलटं बघितलं की हसरं दिसतं, हे भावाच्या ध्यानातच आलं नव्हतं. दातवाली म्हणाली, आमच्याकडे दाढ काढायला येतात तेही याहून बरे दिसतात.

भावानं फोटो उलटा धरून बघितला, मग सुलटा. मुलीनं सुचवलं, मास्तरांना उजेडात राहू द्या आणि तुम्ही कडं सातवर ठेवून तपासा. त्यानं तिला कडं दाखवलं. सहा आहे, दहा आहे, सात नाही. सहा आणि दहाच्या मधे सात नेमका कुठे, ते कडं बनवणाऱ्यालाच माहीत. मग तो उठला, आपल्या टेबलाकडे बघितलं, टेबलामागच्या भिंतीकडे बघितलं आणि पावलांनी अंतर मोजलं. त्यानं ड्रॉवरमधून स्क्रू काढायचं हत्यार घेतलं आणि फळीवरचा उरलेला एक कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवला.

टेबल तीन फूट मागे न्यायचं तर त्यामागे बसणाऱ्याचं डोकं फळीला आपटलं असतं. फळी उतरवावी लागणार होती.

भावजयीला बोलावून त्यानं फळी तिच्या हातात दिली. तो फळीवरची चिठ्ठी खरवडून काढायला लागला तेव्हा तिनं त्याचा हात बाजूला केला. "असू दे. शाळेतून लहान झालेले स्वेटर परत येतातच. मला लाज नाही वाटत त्याची." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊजी, अडतीस वर्षं लागली, पण झाला शहाणा."

मास्तरांना हाक मारून मशीन उंबऱ्यावर आणायला सांगितलं. ते नको नको म्हणत होते आणि ओढत होते. मग त्यांनीच टेप काढली, चाकावर एक टोक धरलं, गल्ली ओलांडून टेबलाच्या कडेपर्यंत आणली, आणि खडूनं फरशीवर खूण केली.

"दहा फूट," ते म्हणाले. "दोन बोटं जास्त धरलीत."

"ती कशाला?"

"सवय. पुढेमागे आटलं तर."

महिन्याभरात पहिल्यांदा भाऊ हसला, आणि इतका हसला की टेबलाचा आधार घ्यावा लागला. मग त्यानं टेप मास्तरांच्या हातून काढून माझ्या हातात दिली. माझ्या वर्गात कुणी दोन बोटं जास्त धरायचं नाही, हे त्याला ठाऊक होतं. मी मोजलं, दातवालीनं दुसरं टोक धरलं, आणि नवा खिळा भावानं स्वतः ठोकला. या वेळी दोन ठोकले, एक मास्तरांकडे आणि एक आपल्याकडे, म्हणजे दोघांपैकी कुणाला उजेडात जावंसं वाटलंच तर दुसऱ्याला कळेल.

मांडीवरचा तो शेवटचा कॅमेरा दातवालीचाच होता. भावानं तो त्याच संध्याकाळी बसवला आणि मास्तरांचा फोटो काढून तिला दिला. ती दोन पावलं मागे गेली, नजरेनं अंतर मोजलं, कडं सहावर फिरवलं आणि दुसरा फोटो भावाचा काढला. त्यानं नको म्हणेपर्यंत काढून झाला होता.

आठवड्यानं तिनं तो आणून दिला. पुठ्ठा, महिनाअखेरीचा, त्यात टेबलाखाली उलटा पडलेला दिसतो. भाऊ मान खाली घालून काहीतरी बसवतो आहे आणि बोटांमधला स्क्रू, राईएवढा, स्वच्छ आला आहे. मागच्या भिंतीवर फळीच्या कोनांची भोकंही दिसतात. भिंगाखाली धरून त्यानं ती मोजली. चार आहेत.

"बरोबर," तो म्हणाला, आणि पुढचा कॅमेरा ओढला.